लोकलाजेची साथ

फेब्रुवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात दिवसाला दोन-तीन हजार नवे कोरोनाबाधित सापडत होते. आदल्या सप्टेंबरात हाच आकडा वीस हजारांच्या वर होता, म्हणून साथ गेली अशी आपण मनाची समजूत करून घेतली. दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळांची दारे उघडली होती. जानेवारीत १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या आणि निकालानंतर गावोगाव गुलाल उधळला गेला. १ फेब्रुवारीपासून मुंबईची लोकल ठरावीक वेळांत सर्वांना खुली झाली. लग्नसराई तर आधीच सुरू झाली होती. पुढे २२ फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद करावे लागले, आणि १८ एप्रिलला राज्याचा एका दिवसाचा आकडा ६८ हजारांच्या पुढे गेला. या अडीच महिन्यांत जे झाले त्याचा दोष आपण विषाणूच्या नव्या रूपाला दिला, सरकारला दिला, निवडणुका घेणाऱ्यांना दिला. त्यातले काहीच खोटे नव्हते. विषाणू खरोखर बदलला होता आणि राज्यकर्त्यांच्या चुकाही उघड्या होत्या. पण रोगाला घरोघर पोचायला जी वाट लागते ती आपल्या रीतीभातींनी फार पूर्वीपासून करून ठेवली होती, आणि तिच्याविषयी आपण आजही बोलत नाही.

हे बोलताना एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. निर्बंध उठताच जो कामावर गेला त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. विरार-कल्याणहून पहाटेची गाडी धरणाऱ्याला घरी बसून पगार मिळत नव्हता. बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला अंतर राखा म्हणून सांगणे सोपे होते, त्या अंतरात तिचे पोट मावत नव्हते. टाळेबंदीत ज्यांचे हाल झाले त्यांनी मोकळीक मिळताच धावाधाव केली, हे स्वाभाविकच. माझे बोलणे आहे ते तुमच्या-माझ्यासारख्यांशी. ज्यांना थांबता येत होते, ज्यांच्या घरी धान्य होते, वर्तमानपत्र येत होते, ज्यांना धोका कळत होता, आणि तरीही जे थांबले नाहीत, त्यांच्याशी.

त्या हंगामातले लग्न आठवून पाहा. परवानगीच्या अर्जाला पन्नास नावांची यादी जोडलेली असे. कार्यालयाच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली आणि कपाळाला लावायचे तापमापक घेऊन एक पोरगा बसवलेला असे. आत मात्र पंगतीवर पंगती उठत. वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना मास्क लावून उभे, आणि मागे मामा, आत्या, साडू, भावकी, सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. अक्षता टाकताना चारशे माणसे एका सुरात मंगलाष्टकांना साथ देत. आदल्या रात्री ताप येऊन गेलेले एखादे काका गोळी घेऊन पहिल्या रांगेत बसलेले असत, कारण ते आले नसते तर मुलीकडच्यांना वाटले असते की मानपानात काही कमी पडले. यजमानाला पन्नासचा आकडा माहीत होता, पाहुण्यांनाही माहीत होता. पण भाऊबंदांना बोलावले नाही तर त्यांच्या घरच्या कार्याला आपण कोणत्या तोंडाने जायचे? लोक काय म्हणतील? या एका प्रश्नापुढे वैद्यकाचे सगळे ज्ञान हात टेकत असे. आणि त्या मांडवात सर्वांत जास्त वेळ, सर्वांत जास्त माणसांच्या जवळ कोण होते? वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया, बँडवाली पोरे, मंडपवाल्याचे मजूर. आमंत्रण त्यांना नव्हते. नकार द्यायची सोय तर मुळीच नव्हती. आपल्या प्रतिष्ठेचा दंड त्यांनी स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या म्हाताऱ्या आईबापांच्या शेजारी झोपून भरला.

ज्या लोकलाजेने मांडव भरले, तिनेच आजार दडवले. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या हातावर शिक्के मारले गेले. ते प्रशासनाचे काम होते. पण गावच्या वेशीवर बाभळीच्या काट्या कोणी टाकल्या? पुण्या-मुंबईहून आपल्याच घरी परतलेल्या मुलाला शाळेच्या ओट्यावर ठेवून त्याचे ताट जमिनीवरून सरकवणारे कोण होते? रुग्णालयात दिवसरात्र राबलेल्या परिचारिकेला घर सोडायला सांगणाऱ्या सोसायट्या आपल्याच होत्या. ज्या दारावर फलक लागला त्या घरचे दूध, पाणी, बोलणे बंद झाले, आणि रोगी बरा होऊन परत आल्यावरही शेजारीण महिनाभर दार लोटून घेत राहिली. हे सारे आपल्या लेकरांनी पाहिले, मजुरांनी पाहिले, घरातल्या कर्त्यांनी मनात नोंदवून ठेवले. मग निर्बंध उठल्यावर ज्याला ताप आला त्याने काय करावे अशी आपली अपेक्षा होती? त्याने तेच केले जे कोणीही केले असते. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून घेतले. कोणी विचारले तर टायफॉईड सांगितला, पाणी बदलले म्हणून सांगितले. आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दाराशी आली तेव्हा घरात कोणालाही काही नाही, असे उंबऱ्यातूनच सांगून टाकले, आणि पुष्कळ ठिकाणी तिलाच चार शब्द सुनावले. तुटपुंज्या मानधनावर उन्हात फिरणारी ती बाई रोग घेऊन येते असे म्हणायलाही आपण कमी केले नाही. चाचणीला न जाणाऱ्याला आपण बेजबाबदार म्हटले. चाचणीचा निकाल म्हणजे वाळीत पडणे हे समीकरण मात्र आपणच त्याच्या मनात पक्के केले होते. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा कोसळेपर्यंत माणसे घरात दडून राहिली, आणि मग एका रात्रीत सारा तालुका खाटेसाठी वणवण करू लागला.

हे आंधळेपण आपल्याला वारशाने आले आहे. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबईतून लाखो माणसे गावाकडे निघून गेली आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. पुण्यात घरच्या रोग्याला माळ्यावर, कोठीत दडवून ठेवले गेले. तिथला प्लेग अधिकारी रँड याच्या सोजिरांचा जुलूम आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो, आणि तो खराच होता. त्या जुलुमाआड मात्र आपण आपली एक बाजू झाकून घेतली. परक्या सत्तेच्या भयाने रोगी लपवणारा समाज स्वतःची सत्ता आल्यावर कोणाच्या भयाने लपवतो, हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तीतल्या एका मुलाला पाठीवर घेऊन आपला दत्तक मुलगा डॉक्टर यशवंत याच्या दवाखान्यात गेल्या. त्यांना प्लेगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ३ जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालताना आपण पहिली शाळा सांगतो आणि शेवटचा प्रवास सांगत नाही. शाळेचा गौरव करणे आपल्याला सोसते. रोग्याला पाठीवर घेण्याची गोष्ट सांगितली की लगेच आपल्या शेजारच्या बंद दाराची आठवण होते.

आपण रोग लपवला, पण दोष लपवला नाही. तो दुसऱ्याच्या अंगाला फासला. एप्रिल २०२० मध्ये एका धर्माच्या मेळाव्याचे निमित्त करून मुसलमान फेरीवाल्यांना गल्लीत येऊ न देणारे आपणच होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. त्या निकालानंतर किती गल्ल्यांनी किती फेरीवाल्यांची क्षमा मागितली? याच काळात अकोल्यात कच्छी मेमन जमातीचे स्वयंसेवक कोरोनाने गेलेल्या हिंदूंचे अंत्यसंस्कार करत होते. स्मशानाच्या दारातून परत फिरणारे, दुरून हात जोडणारे मुलगे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दिसले. भीती माणसाला असते, तिच्याबद्दल मी कोणाला दूषण देणार नाही. पण बापाच्या चितेजवळ जायला जे घाबरले तेच त्याआधी चारशेच्या पंगतीत बसायला घाबरले नव्हते, हे आपण एकमेकांना सांगितलेच पाहिजे.

राज्यात कोरोनाच्या मृत्यूंची अधिकृत नोंद दीड लाखाच्या घरात आहे. त्या नोंदीत हजारो तरुण पुरुष आहेत, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायका पंचविशी-तिशीच्या आहेत. गर्दी करताना आपण ज्या रीतीची शान राखली, त्याच रीतीने पुढे या बायकांच्या हातातल्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसले, पायातली जोडवी काढली. हळदीकुंकवाला त्यांना टाळले. नवऱ्याला रोग आणणारा मांडव कोणाचा होता हे कोणी विचारले नाही, पायगुण मात्र तिचा काढला. या साऱ्या कहाणीत मला याहून क्रूर काही दिसत नाही.

पण रीत माणसांनीच घातलेली असते आणि माणसांनी मोडली की मोडते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने कोरोनात विधवा झालेल्या मुलींचे हाल पाहिले, आणि ४ मे २०२२ ला ग्रामसभेने ठराव करून या प्रथा गावात बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ज्यांच्या भीतीने बाई कपाळ पुसून घेत होती, त्याच लोकांनी हात वर करून सांगितले की आम्ही काही म्हणणार नाही. दुसऱ्या लाटेतच तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने आणि मोहोळ तालुक्यातल्या घाटण्याने गावची साथ गावानेच आटोक्यात आणून दाखवली होती. ही गावे आपल्याहून वेगळ्या मातीची नाहीत.

मग साथीविषयीचा ठराव करायला आपण पुढच्या साथीची वाट का पाहावी? १५ ऑगस्टला ग्रामसभा भरेल, २ ऑक्टोबरला भरेल. शहरात सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतील. त्यांत पाण्याच्या मोटारीवर आणि पार्किंगवर दोन तास वाद होतात, त्यातला अर्धा तास या विषयाला मिळावा. ज्या घरात रोग येईल त्या घराचे दूध, पाणी, औषध कोण पोचवणार, त्याच्या गोठ्यातल्या जनावरांना वैरण कोण घालणार, रानातली काढणी अडली तर कोण जाणार, याची नावे आधी ठरवून वहीत लिहावीत. आजार सांगणाऱ्याला कोणी वाळीत टाकणार नाही आणि टाकणाऱ्याला सभा जाब विचारील, असे लिहावे. साथीत जो लग्न पुढे ढकलील किंवा घरच्या घरी लावील त्याच्या घरी मानपानाचा विषय कोणी काढायचा नाही, असेही लिहावे, आणि त्याखाली पहिल्या सह्या गावातल्या मोठ्या घरांनी, ज्यांच्या मांडवात हजार माणसे जेवतात त्यांनी, कराव्यात.