सातबाऱ्यावरचा सहावा वारस



मृत्युपत्राने पैसा मिळाला तर त्यावरचा कर कोणी भरायचा? मेलेल्याच्या इस्टेटीतून कापायचा, की घेणाऱ्याने खिशातून द्यायचा? कायद्याचे उत्तर एका ओळीचे आहे : कोणीच नाही. भारतात वारसा कर नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाने आलेली ठेव, घर, जमीन हे घेणाऱ्याचे उत्पन्न धरले जात नाही. पुढे त्या ठेवीवर व्याज आले तर ते व्याज तेवढे त्याच्या उत्पन्नात मोजतात.

हे उत्तर ऐकून कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला हसू येईल. कारण बाप गेल्यावर तो भरतो. फक्त त्याला पावती मिळत नाही.

असा कर या देशात एकेकाळी होता. १९५३ साली इस्टेट ड्यूटीचा कायदा आला. मोठ्या इस्टेटीच्या वरच्या पायरीला दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला. ज्याच्या हाती इस्टेट येई त्याने, आलेल्या मालमत्तेच्या मर्यादेत, तो द्यायचा. १९८५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला. कारण काय दिले? वर्षाला जेमतेम २० कोटी मिळतात आणि त्यासाठीचा कारभारी खर्च फार होतो. म्हणजे श्रीमंताच्या मरणावर सरकारने हिशेब मांडला आणि सांगितले, हा खटाटोप परवडत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की तोच हिशेब आमच्याही मरणावर मांडा.

बाप मृगाच्या तोंडावर गेला असे समजा. वावर त्याच्या नावावर. वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे असे जमीन महसूल कायदा सांगतो. पुढे फेरफाराची नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात मृत्यूचा दाखला, वारसांचे शपथपत्र, नोटरी, बसभाडे, बुडालेली मजुरी. नाव लागेपर्यंत नवे पीककर्ज नाही आणि पेरणी तर थांबत नाही. म्हणून पोरगा सावकाराकडे जातो. त्या व्याजाला वारसा कर म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? पऱ्हाटीला भाव मिळो न मिळो, हा कर आधी जातो.

हे आमच्या मनाचे नाही. २०२५ साली सरकारलाच ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली. १ मार्चला बुलढाणा जिल्ह्यात सुरू करून १ एप्रिलपासून ती राज्यभर नेली. मेलेल्यांची नावे काढायची, वारसांची लावायची. तोवर सातबारा मेलेलाच होता, ही कबुली मोहिमेच्या नावातच आहे. त्याच वर्षी मे महिन्यात मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केली. ती १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये होती. बापाचे वावर भावाभावांत वाटायला सरकार इतकी वर्षे पैसे घेत होते. आता सांगा, वारसा कर १९८५ साली संपला तो कोणाचा?

आता कर्जाचे. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, असा धाक वसुलीवाले दाखवतात. तो खोटा आहे. वारस जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल तर त्याची जबाबदारी मिळालेल्या इस्टेटीपुरतीच असते. पूर्वी हिंदू कायद्यात पितृऋण म्हणून मुलावर ओझे टाकता येई. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना तेही लागू नाही. पोराच्या मजुरीवर, त्याच्या स्वतःच्या बैलजोडीवर बापाचे कर्ज चढत नाही. पण आमच्याकडे इस्टेट म्हणजे वावरच. कायदा पोराला वाचवतो आणि वावर सोडून देतो. भाव पाडल्यामुळे चढलेले कर्ज शेवटी वारसाच्या जमिनीतून वसूल होते.

नालवाडीच्या शेतकऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शेतजमीन विकली तर आयकर लागत नाही, असे आपण धरून चालतो. पण पालिकेची लोकसंख्या १ लाखावर गेली की तिच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आतले वावर त्या सवलतीत बसत नाही. २०११ च्या शिरगणतीत वर्धा १ लाखावर होती आणि नालवाडी तर तिला लागूनच. म्हणजे मृत्युपत्राने वावर मिळाले तेव्हा कर नाही, पण विकले तर नफ्यावर कर आहे, आणि तो वारसानेच भरायचा. सौद्याची चिठ्ठी करण्याआधी हे विचारून घ्या.

याच नालवाडीत १९३२ साली विनोबा राहायला आले. १९५१ नंतर भूदानाच्या पदयात्रेत ते जमीनवाल्याला म्हणत, पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा भूमिहीनाला द्या. तो सहावा मुलगा दारात उभा राहून मागत होता. द्यायचे की नाही हे देणाऱ्याच्या हाती होते. आज आमच्या सातबाऱ्यावर जो सहावा वारस बसला आहे तो मागत नाही. तो फाईल दाबून, शिक्का रोखून, तारीख देऊन आपला हिस्सा काढून नेतो.

परदेशातही शेतकरी यावर बोलतो. इंग्लंडात कर इस्टेटीतून कापतात, जपानात तो वारस भरतो. इंग्लंडच्या सरकारने शेतीची जुनी सूट कमी करायचे ठरवले तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथले शेतकरी लंडनमध्ये रस्त्यावर उतरले. त्यांना निदान कराचा दर माहीत होता. आमच्या कराला दरही नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्या मांडू.

एक, ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली की त्याच दाखल्यावर वारस फेरफार आपोआप सुरू व्हावा.

दोन, फेरफार अडला असेल तर अर्जाच्या पोचीवर पीककर्ज मिळावे.

तीन, बापाची थकबाकी दाखवून वारसाचे नवे कर्ज अडवू नये.

आणि सरकारची वाट न पाहता घरात करायचे काम : मृत्युपत्र लिहा. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नका. बँकेत नाव लावलेला नॉमिनी मालक नसतो, तो वारसांसाठी पैसा सांभाळणारा असतो, हे घरच्यांना सांगून ठेवा. मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि असेल तर आई यांचा बापाच्या हिश्श्यात सारखा वाटा आहे. फेरफाराच्या कागदावर मायबहिणींची नावे गाळू देऊ नका. सरकारचा हिस्सा नाकारायचा आणि बहिणीचा गिळायचा, हे एका तोंडाने बोलता येणार नाही.