झाडे मोजली, जपणारे कधी मोजणार?

पहाटे पाण्याची बाटली घेऊन वेताळ टेकडी चढणारे आणि सुट्टीच्या दिवशी मुठेकाठचा कचरा वेचणारे पुणेकर यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु अशी मंडळे शहरात किती, ती कोणत्या वस्तीत राबतात, हे दाखविणारा नकाशा आमच्या पाहण्यात नाही. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने दर पाच वर्षांनी झाडांची गणना सांगितली आहे. त्यांना पाणी घालणाऱ्या हातांची गणना मात्र सांगितलेली नाही. न्यूयॉर्क शहरात अमेरिकेच्या वनखात्याने 2007 साली हे काम केले. संस्थासंस्थांस त्यांचे कार्यक्षेत्र विचारून ते नकाशावर रेखाटले आणि 2017 साली तीच पाहणी पुन्हा केली.

अशा नकाशाचे खरे मोल त्यावरील कोऱ्या जागांत असते. जेथे फिरावयास टेकडी नाही व रहिवाशांस फावला वेळ नाही, तेथील नाल्यास वाली कोण, हे त्या जागा विचारतील. महापालिकेने हा नकाशा अवश्य करावा. मात्र जेथे नागरिक राबतात तेथील आपले कर्तव्य संपले, असा सोयीस्कर अर्थ त्यातून काढू नये. पालिकेचा पहिला फावडा कोऱ्या जागेत पडला पाहिजे.