आपले फंक्शन आपण लिहावे

गेल्या सत्रात प्लाटूनच्या २.४ किलोमीटर धावण्याच्या वेळा क्रमाने लावण्यासाठी मी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटे वेबपान बनवले. चेन्नईच्या दमट सकाळी धावून आल्यावर वही घेऊन आकडेमोड करण्याचा उत्साह कोणातच उरत नाही. एकूण सेकंद दिले की मिनिटे-सेकंद करून देणारे फंक्शन मला तयार मिळाले. मी ते न वाचताच चिकटवले.

यादीत एका सहकाऱ्याचे नाव सर्वांत शेवटी आले. त्याची वेळ होती ९ मिनिटे ५ सेकंद, म्हणजे पहिल्या काही जणांतली. फंक्शनने ती '९:५' अशी लिहिली आणि माझ्या पानाने वेळा आकडे म्हणून नव्हे, अक्षरे म्हणून लावल्या. ४ हा ५ च्या आधी येतो, म्हणून ९:४८ वाला पुढे आणि ९:५ वाला मागे. सरावाच्या संघातून त्याचे नाव गळाले. चूक त्यानेच दाखवली. "ते फंक्शन माझे नाही," असे म्हणायला माझी जीभ रेटेना. यादीखाली सही माझी होती.

डावीकडे एक शून्य लावण्याचे हे काम किती क्षुल्लक! पण मार्च २०१६ मध्ये याच कामाने जगभरच्या प्रोग्रामरांना घाम फोडला. 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे फंक्शन त्याच्या लेखकाने एका वादातून एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतले. त्यावर विसंबलेले हजारो प्रकल्प अडले. बॅबेलसारखे नामांकित साधनही त्यात होते. शेवटी सुमारे दोन तासांनी ते फंक्शन परत ठेवावे लागले. ११ ओळी स्वतः लिहायला किती वेळ लागला असता? पुढे २०१७ च्या प्रमाण आवृत्तीत जावास्क्रिप्टने ही सोय 'पॅडस्टार्ट' नावाने स्वतःच दिली.

त्या रात्री मी दोन फंक्शने लिहिली. पहिल्याचे नाव 'सेकंद_काढ'. जावास्क्रिप्टला देवनागरी नाव चालते, हेही तेव्हाच कळले. ते मिनिटांना ६० ने गुणते, त्यात सेकंद मिळवते आणि उत्तर परत देते. ९:०५ चे ५४५, ९:४८ चे ५८८. आता क्रम चुकायला जागाच नाही. दुसरे फंक्शन सेकंद दहापेक्षा कमी असले की आधी शून्य लावते. पहिल्या प्रयत्नात मी 'रिटर्न' लिहायला विसरलो आणि सगळ्या वेळांच्या जागी 'अनडिफाइन्ड' उमटले. हसू आले, पण ती चूक कुठे आहे ते मला लगेच सापडले, कारण प्रत्येक ओळ माझी होती.

रायफल आपण बनवत नाही, तरी ती खोलना-जोडना प्रत्येकाला यावे लागते. तसेच हे आहे. सगळेच स्वतः लिहावे असे मी म्हणत नाही. पासवर्ड सुरक्षित ठेवण्यासारख्या कामात तज्ज्ञांनी पारखलेलेच वापरावे. तिथे स्वतःची हुशारी धोक्याची. पण पाच-दहा ओळींचे काम असेल तर ते आपणच लिहावे. आणि उसने घेतलेच, तर ओळ न् ओळ वाचून, ५ सेकंद, ५९ सेकंद, पूर्ण १० मिनिटे अशा अडचणीच्या वेळा देऊन तपासावे. हल्ली संगणकालाच विचारले तर तोही क्षणात फंक्शन लिहून देतो. तिथेही हाच नियम.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत मुलाने एखादे वेबपान दाखवले तर नुसते कौतुक करू नका. "यात काय घातले की काय बाहेर येते, आणि का?" एवढे विचारा. उत्तर आले, तर काम त्याचे आहे.

माझा सहकारी संघात परतला. नवी यादी मी त्याच्याच हाती दिली आणि आधी तपासायला सांगितली.