मांजाचा बळी आणि शिक्षेचे माप

१४ जानेवारी २०२५ रोजी, ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशी, अकोल्यात दुचाकीवरून जाणाऱ्या एका इसमाचा गळा नायलॉन मांजाने चिरला गेला आणि त्याचा अंत झाला. त्याच दिवशी नाशिक येथेही एक तरुण अशाच रीतीने प्राणास मुकला. तिळगूळ वाटावयाच्या दिवशी दोन घरांत आकांत उसळला. अशा घटनेनंतर दोन मते हटकून ऐकू येतात. ज्याच्या हातात तो दोर होता त्याला खुनी समजून शिक्षा द्या, असे संतप्त मत एका बाजूस. आणि पतंग उडविणाऱ्या पोराला काय आता फासावर चढविणार, हा सवाल दुसऱ्या बाजूस. दोन्ही मतांत काही तथ्य आहे. परंतु दोहोंत एक समान चूकही आहे. दोन्ही पक्ष विचाराला प्रारंभ करतात तो माणूस मेल्यानंतर.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाचा आरोप टिकावयाचा तर ठार मारण्याचा इरादा किंवा तितकीच गंभीर जाणीव सिद्ध व्हावी लागते. इरादा नाही, पण मृत्यू ओढवण्याचा संभव आहे हे ठाऊक होते, अशा कृत्याला कलम १०५ अन्वये दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. केवळ हयगयीने मृत्यू घडला तर कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत. जुन्या दंडसंहितेत ही मर्यादा दोनच वर्षांची होती. आणि कोणी मेलेच नाही तर? सरकारी मनाई मोडून लोकांच्या जीवितास धोका निर्माण केल्याबद्दल कलम २२३ अन्वये फार तर एक वर्ष कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे दोर तोच, गच्ची तीच, हातही तोच. आज किरकोळ दंडावर सुटका आणि उद्या दहा वर्षांची टांगती तलवार. हा फरक आरोपीच्या करणीने पडत नाही. त्या क्षणी त्या रस्त्याने कोणी दुचाकीस्वार आला की नाही, यावर तो पडतो.

हा पेच नवा नाही. १८३७ मध्ये मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने हिंदुस्थानासाठी दंडसंहितेचा मसुदा सादर केला, तेव्हा त्यासोबतच्या टिपणांत एका खिसेकापूचे उदाहरण दिले होते. शेकडो खिसेकापू रोज लोकांच्या खिशांत हात घालतात. त्यांतील एकाचा हात दुर्दैवाने एका गृहस्थाच्या भरलेल्या पिस्तुलाच्या चापावर पडतो, गोळी सुटते आणि गृहस्थ मरतो. बाकीच्यांना चोर म्हणून तुरुंगात आणि या एकालाच खुनी म्हणून फाशी देणे विवेकाला धरून नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. खिसेकापूची शिक्षा अपुरी वाटत असेल तर ती वाढवा. पण सर्वांचीच सारखी वाढवा, असे त्याचे म्हणणे होते. इंग्लंडने हे तत्त्व पुरते स्वीकारावयास १९५७ साल उजाडले. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत गंभीर गुन्हा करताना कोणी दगावले तर इरादा नसतानाही तो खून मानण्याचा नियम आजही आहे. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये तो बराच आवळला. या बाबतीत आपली संहिता प्रारंभापासूनच अधिक विवेकी होती. एका अपमृत्यूच्या संतापात तो विवेक टाकून देणे आम्हांस मान्य नाही.

परंतु येथेच दुसऱ्या पक्षालाही बजावले पाहिजे. मेकॉलेच्या खिसेकापूला पिस्तूल ठाऊक नव्हते. नायलॉन मांजा चक्रीवर गुंडाळणाऱ्याला त्याचा गुण ठाऊक असतो. किंबहुना तो तुटत नाही, उलट दुसऱ्याचा दोर कापतो, म्हणूनच तो विकत घेतला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. दर संक्रांतीला कापलेल्या गळ्यांची आणि जखमी पक्ष्यांची वृत्ते छापून येतात. इतके होऊनही ‘आम्हांला कल्पना नव्हती’ असे म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील? हा खून नव्हे हे खरे; पण हा खेळही राहिलेला नाही. जाणूनबुजून अनोळखी माणसाचा गळा पणाला लावणे, हा त्यातील अपराध आहे, आणि कोणी मरो वा न मरो, तो पुरा झालेला असतो.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. वीस मुले रस्त्यालगतच्या चिंचेवर दगड मारीत असतात आणि एकाचा दगड वाटसरूच्या कपाळी बसतो. त्या एकालाच छड्या मारून वर्गावर परतणारा मास्तर उरलेल्या एकोणीस जणांना एवढेच शिकवितो की, आपला नेम नशिबाने चुकला. उद्या ती एकोणीस मुले पुन्हा त्याच झाडाखाली जमतात.

मांजाच्या बाबतीत तर तो एक मुलगाही सापडत नाही. पेचात कटलेला पतंग कोठल्या कोठे जातो; त्याचा दोर तारेवर, कडुनिंबावर किंवा पुलाच्या कठड्यावर लोंबत राहतो आणि कदाचित दुसऱ्या दिवशी एखाद्याच्या गळ्याशी येतो. तो कोणाच्या चक्रीचा हे कोणते न्यायालय ठरविणार? म्हणून मृत्यूनंतरची जबर शिक्षा कागदावर भयंकर दिसते आणि प्रत्यक्षात बहुधा कोणावरच पडत नाही. त्यातच २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण अधिनियमातील पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद काढून टाकली. आता तेथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत आर्थिक शास्ती आहे. ही रक्कम थोडी नव्हे. प्रश्न आहे तो ती खरोखर वसूल होण्याचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या विषयाची स्वतःहून दखल घेतली, ती याच दृष्टीने स्तुत्य होय. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे त्याच खंडपीठाच्या कक्षेत येतात.

आमचे मत असे आहे. वापरणाऱ्याला दंड व्हावा तो मांजा सापडताच व्हावा, रक्त सांडेपर्यंत थांबू नये. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत जाब पालकाला विचारावा. चक्रीचे पैसे त्यांच्याच खिशातून गेलेले असतात. विक्रेत्याची गोष्ट निराळी. बंदी ठाऊक असता, लपवून, नफ्यासाठी तो हा माल विकतो. त्याला व त्याच्या घाऊक पुरवठादाराला अधिक कठोर शासन झालेच पाहिजे. त्याच्या मालाने मृत्यू घडल्याचे सिद्ध झाले तर कलम १०५ चा विचार न्यायालयाने अवश्य करावा. मात्र प्रत्येक ठिकाणी प्रश्न हाच असावा : या माणसाला काय ठाऊक होते आणि तरीही त्याने काय केले?

यावर मृताचे आप्त विचारतील, आमच्या माणसाच्या मरणाला मग काहीच मोल नाही काय? मोल आहे, पण ते एखाद्या हाती लागलेल्या पोराच्या तुरुंगवासाच्या वर्षांत मोजता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ अन्वये गुन्हेगाराचा शोध लागला नाही तरी मृताच्या अवलंबितांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईसाठी अर्ज करता येतो, आणि दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करण्याचे बंधन प्राधिकरणावर आहे. दुःखात बुडालेल्या कुटुंबाला ही वाट दाखविणे हे पोलिसांचे, वकीलमंडळींचे आणि शेजाऱ्यांचे कर्तव्य आहे. घरातील कर्ता गेल्यावर मुलांच्या शाळेची फी संतापाने भरली जात नाही.

पुढच्या संक्रांतीला अमरावतीच्या राजकमल चौकातून वा अकोल्याच्या गांधी मार्गावरून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला गळ्याभोवती रुमाल गुंडाळून घराबाहेर पडावे लागू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे. ती पुरी करावयाची तर सणाच्या आदल्या आठवड्यात दुकाने तपासली पाहिजेत आणि प्रत्येक घराने आपल्या गच्चीवरील चक्री एकदा हातात घेऊन पाहिली पाहिजे. माणूस मेल्यावर शिक्षेचे माप किती असावे याचा वाद न्यायालयात होईलच. तो उद्भवू न देणे आपल्या हाती आहे.