उत्तर 700. पण 700 काय?



पार्ल्यात शिकवणाऱ्याला एक सवय आपोआप लागते. डोक्यावरून विमान गेलं की वाक्य अर्ध्यात थांबवायचं आणि आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करायचं. इतकी वर्षं विमान म्हणजे माझ्यासाठी तासातला व्यत्यय होता. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र ते माझ्या चौथीच्या गणिताच्या तासात येऊन बसलं आहे. कसं, ते सांगते.

माझा भाचा नववीत आहे. सुट्टीत तो दिवसदिवस कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर खेळत होता. बहीण वैतागली. म्हणाली, "तू शिक्षिका आहेस ना, तूच समजाव याला." समजवायला म्हणून मी त्याच्या शेजारी बसले आणि दोन तास उठलेच नाही.

मला वाटलं होतं, हा विमान "चालवत" असेल. तो तर बराच वेळ नुसतं टाइप करत होता! एअरबस ए-320 विमान, मुंबई ते बंगळुरू. पायलटच्या गुडघ्याजवळ छोट्या पडद्याचा एक कीबोर्ड असतो. त्यात आधी कुठून कुठे ते भरायचं, मग किती उंचीवरून जायचं, मार्गातले टप्पे, विमानाचं वजन, इंधन, धावपट्टीवर कोणत्या वेगाला नाक उचलायचं ते वेग. दोन टप्प्यांमधला दुवा राहून गेला तर पडद्यावर तसं लिहून येतं. मला आपलं पाठ टाचण आठवलं. उद्दिष्टं, साहित्य, पायऱ्या, मूल्यमापन, सगळं आधी कागदावर. आणि टाचण कितीही सुबक असलं तरी तास आपोआप होत नाही, हेही आठवलं!

तिथेही तसंच झालं. विमान उडालं, ऑटोपायलट लावला, स्वारी जेवायला गेली. परत आला तर विमान बंगळुरूच्या जवळ पोचलेलं आणि उंची अजून 35,000 फूट. मी विचारलं, "अरे, मार्ग तर सगळा भरला होतास ना?" तो म्हणाला, "अगं मावशी, मार्ग भरला, पण खाली उतर असं सांगितलंच नाही. उंचीच्या नॉबवर कमी आकडा लावून तो दाबल्याशिवाय हे विमान उतरायला लागत नाही." मग हळूच म्हणाला, "त्याला जे सांगू तेच ते करतं. मला काय म्हणायचं होतं ते त्याला कळत नाही."

मित्रांनो, हे वाक्य मी डी.एड.च्या दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

मुंबईहून निघालेलं एक विमान

घरी आल्यावर मी या विषयावर वाचायला लागले आणि एका जागी थांबले. 14 फेब्रुवारी 1990. आपल्या याच विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं 605 क्रमांकाचं विमान बंगळुरूला निघालं. तेच ए-320, तेव्हा भारतात नवीनच आलेलं. आत 146 माणसं. दुपारी एकच्या सुमारास ते बंगळुरूच्या जुन्या एचएएल विमानतळाच्या धावपट्टीआधीच गोल्फच्या मैदानावर आदळलं. 92 माणसं गेली.

चौकशीत पुढे आलेली गोष्ट अशी. उतरताना इंजिनं सगळ्यात कमी ताकदीवर होती, वेग घटत गेला आणि हे दोन्ही पायलटांच्या वेळेत लक्षात आलं नाही. विमान अशा अवस्थेत गेलं कसं? सगळ्यात शक्य वाटणारं कारण असं मांडलं गेलं, की दर मिनिटाला 700 फूट या गतीने खाली यायचं होतं, पण ते 700 शेजारच्या नॉबवर लावले गेले असावेत. त्या नॉबचा अर्थ होता: 700 फूट उंचीपर्यंत खाली ये.

आकडा तोच. एकक वेगळं.

आणि आता गंमत नाही, गांभीर्याने बघा. बंगळुरूची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे 2,900 फूट उंच आहे. विमानाची उंची समुद्रसपाटीपासून धरली तर तिथे 700 फूट म्हणजे जमिनीच्या खाली! हे उत्तर शक्यच नाही. पण यंत्र "हे कसं शक्य आहे?" असं विचारत नाही. विचारायचं माणसानेच.

अर्धा गुण कापून काय मिळवलं?

आता माझी कबुली. "एकक लिहिले नाही" म्हणून अर्धा गुण मी किती वेळा कापला असेल, मोजदाद नाही. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं होतं, "बाई, उत्तर बरोबर आहे ना? मग गुण का कापला?" मी म्हणाले, "एकक लिहायचं असतं." का लिहायचं असतं ते मी सांगितलं नाही, कारण खरं तर माझ्याकडेच धड उत्तर नव्हतं. तिने त्या दिवसापासून एकक लिहिलं, पण शेपूट लावल्यासारखं. लिटरच्या जागी मीटर लिहिलं तरी तिला काही खटकायचं नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. एकक हे उत्तराचं शेपूट नाही, तो उत्तराचा अर्थ आहे. 700 हा नुसता आकडा आहे. 700 फूट ही जागा आहे आणि मिनिटाला 700 फूट ही चाल आहे. हा फरक अर्धा गुण कापून कळत नाही, तो डोळ्यांना दिसावा लागतो.

म्हणून मी आता बादली वापरते. एका बादलीत 12 लिटर पाणी भरून ठेवते. दुसरी रिकामी बादली नळाखाली. फळ्यावर दोन वाक्यं: "बादलीत 12 लिटर पाणी आहे." "नळातून मिनिटाला 12 लिटर पाणी येतं." मग विचारते, दोन्हीकडे 12 आहे, मग दोन्ही सारखंच का? वर्गात जो कल्ला होतो तोच खरा पाठ. कोणीतरी ओरडतंच, "बाई, नळ बंद केला नाही तर ते 12 वर थांबणारच नाही!"

दुसरी सवय थेट कॉकपिटमधून आणली आहे. ए-320 मध्ये नॉब फिरवला, दाबला, की काम संपत नाही. समोरच्या पडद्यावर सगळ्यात वर विमान आता कोणत्या अवस्थेत आहे ते उमटतं. पायलटने ते मोठ्याने वाचायचं आणि शेजारच्याने तपासायचं. आमच्या वर्गात याचं रूप असं: गणित करण्याआधी बोला, "उत्तर साधारण इतकं येईल आणि ते लिटरमध्ये असेल." मग करा. मग उत्तर मोठ्याने वाचा, बाकावरचा जोडीदार ऐकेल आणि विचारेल, "हे शक्य आहे का?" वेळ जातो, हे खरं. अभ्यासक्रम संपवायची घाई मलाही आहे. पण पाच गणितं डोळे मिटून करण्यापेक्षा तीन गणितं डोळे उघडे ठेवून केलेली मला चालतील.

चूक मुलाची की फळ्याची?

आणखी एक घटना आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, कामाची आहे. 20 जानेवारी 1992 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ एअर इंटरचं ए-320 डोंगरावर आदळलं. 96 पैकी 87 जण गेले. तिथली सगळ्यात शक्य मानली गेलेली चूक अशी, की 3.3 अंशांच्या उतारासाठी लावलेला आकडा यंत्राने मिनिटाला 3,300 फूट असा घेतला. म्हणजे हव्या त्याच्या साधारण चौपट वेगाने विमान खाली आलं. कारण एकाच खिडकीत एका वेळी "3.3" दिसायचं आणि दुसऱ्या वेळी नुसतं "33".

त्यानंतर नुसतं "पायलटांनो, लक्ष द्या" असं सांगून थांबले नाहीत. खिडकीतला आकडाच बदलला. खाली येण्याची गती पूर्ण चार अंकांत, 3300 अशी दाखवायला सुरुवात झाली.

आपल्या वर्गात दहा मुलं तीच चूक करतात तेव्हा आपण दहा मुलांना रागावतो. फळ्यावर आपण काय आणि कसं लिहिलं होतं, ते कितीदा बघतो?

पालकांना एक विनंती

सिम्युलेटर खेळून कोणी पायलट होत नाही. डोळ्यांना ताण येतो, झोप उडते, वेळेची मर्यादा हवीच. शिवाय तिथे आदळलं तरी पुन्हा सुरू करायचं बटण असतं, आयुष्यात नसतं. हे सगळं मान्य. पण खेळ बंद करण्याआधी एकदा मुलाच्या शेजारी बसा आणि विचारा, "आता तू हे बटण दाबल्यावर काय होईल?" त्याने आधी सांगितलं, मग दाबलं आणि तसंच झालं, तर तो शिकतो आहे. "बघू काय होतं ते" म्हणाला, तर तुम्हाला बोलायला विषय मिळाला.

परवा तासाला पुन्हा विमान गेलं. मी थांबले. आवाज विरल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ते आता किती उंचीवर असेल?" दुसरा म्हणाला, "700!" आणि निम्मा वर्ग एका सुरात ओरडला, "700 काय?"

त्या दिवशी कोणाचाही अर्धा गुण कापावा लागला नाही.

तुमच्या वर्गात एकक कसं शिकवता, जरूर कळवा.