पाटी उंचावण्याआधी ठराव वाचा

मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी शाळा-महाविद्यालयांत ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेची विद्यार्थ्यांनी केलेली नक्कल आता चांगलीच रुळली आहे. कोट-टाय घातलेली मुले देशाच्या नावाची पाटी उंचावतात, ‘मी’ न म्हणता ‘फ्रान्सचा प्रतिनिधी’ म्हणून बोलतात आणि दोन-तीन दिवसांत त्यांच्या तोंडी एक वेगळीच बोली बसते: जीएसएल, मॉड, अनमॉड, चिट, ईबी. जीएसएल म्हणजे सर्वसाधारण वक्त्यांची यादी, चिट म्हणजे प्रतिनिधींनी एकमेकांना पाठवलेली चिठ्ठी. मॉड म्हणजे एका पोटविषयावर अध्यक्षांच्या देखरेखीखाली होणारी मिनिटभराची भाषणे. अनमॉड म्हणजे जागा सोडून गटागटाने चालणारी बोलणी. ईबी हे अध्यक्षस्थानी बसलेले कार्यकारी मंडळ, आणि ते बहुधा प्रतिनिधींपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठे असते. उपक्रम चांगला आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण त्यात सभेत वरचढ कसे ठरावे हे शिकवले जाते. न पटणाऱ्या माणसासोबत एकच मजकूर कसा लिहावा, हे मात्र शिकवायचे राहून जाते, आणि मुत्सद्देगिरीचे खरे काम तर तेच आहे.

हजेरीपासूनच पाहा. या सभांत नाव पुकारले की प्रतिनिधीने ‘प्रेझेंट’ तरी म्हणायचे किंवा ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ तरी. दुसरे उत्तर दिले की मुख्य ठरावावर तटस्थ राहता येत नाही. ऐकायला हे रुबाबदार वाटते. आमसभेच्या नियमावलीत मात्र या शब्दांचा उपयोग फक्त मते मोजण्यापुरता आहे: बाजूने किंवा विरोधात मत देणारे तेवढे ‘हजर व मतदान करणारे’, तटस्थ राहिलेले त्यात धरायचे नाहीत. आपण तटस्थ राहणार नाही, असे सकाळीच कबूल करणारा राजदूत त्याच्या सरकारला परवडणार नाही. 2 मार्च 2022 रोजी युक्रेनवरील आक्रमणाविरुद्धचा ठराव आमसभेत 141 विरुद्ध 5 मतांनी संमत झाला. तटस्थ राहिलेल्या 35 देशांत भारत होता आणि आपण तसे का केले, हे त्याने सभागृहातच निवेदन करून मांडले. मार्च 2011 मध्ये लिबियातील संघर्षावरचा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा भारत, ब्राझील, जर्मनी, चीन आणि रशिया हे पाच जण तटस्थ राहिले. लागणार होती नऊ मते, मिळाली दहा. चीन आणि रशिया यांच्या हाती नकाराधिकार होता, तो त्यांनी वापरला नाही म्हणून तो ठराव पार पडला. विरोध नोंदवायचा पण वाट अडवायची नाही, ही कसरत विद्यार्थ्याला हजेरीच्या वेळीच नाकारली जाते.

हे असे का झाले, त्याचा माग अमेरिकेत लागतो. बर्कलीत 1952 पासून आणि हार्वर्डमध्ये 1953 पासून या सभा भरतात. त्यांच्या नियमांवर अमेरिकी संसदीय पद्धतीची दाट छाप आहे आणि तेच नियम थोड्याफार फरकाने जगभर गेले. विधिमंडळात बहुमत जमवून विरोधकाला हरवायचे असते. आमसभेत तसे करून फारसे काही हाती लागत नाही, कारण हरलेला देश घरी जाऊन ठराव बासनात बांधून ठेवू शकतो. म्हणूनच तिथले बहुतेक ठराव मतदानाविना, सहमतीने होतात. मॉड आणि अनमॉड हे शब्द न्यूयॉर्कच्या नियमावलीत सापडायचे नाहीत. संयुक्त राष्ट्रांनीच पुढे विद्यार्थ्यांसाठी प्रत्यक्ष कामकाजाशी जुळणारी मार्गदर्शिका काढली आहे. आपल्याकडचे आयोजक ती उघडतील तर बरे.

खरी गंमत ठरावाच्या क्रियापदांत आहे. ठराव व्याकरणदृष्ट्या एकच लांबलचक वाक्य असतो: आधी स्मरण करून, चिंता व्यक्त करून वगैरे प्रस्तावना, मग क्रमांक घातलेली कृतिकलमे. ‘आवाहन करते’, ‘आग्रह धरते’, ‘मागणी करते’, ‘निर्णय घेते’ या चढत्या पायऱ्या आहेत. आमसभा सदस्य देशांना बहुतांशी शिफारसच करू शकते. सुरक्षा परिषदेचा निर्णय मात्र सनदेच्या 25व्या कलमान्वये पाळावा लागतो. हा फरक न कळलेला विद्यार्थी आमसभेच्या समितीतून खुशाल निर्बंध लादतो आणि टाळ्या घेतो. करोनाच्या काळात सभागृह बंद असताना आमसभेने वेगळीच रीत अवलंबली. मसुदा सर्वांकडे पाठवायचा आणि 72 तासांत कोणी हरकत घेतली नाही, तर तो संमत समजायचा. संयुक्त राष्ट्रांच्या पंचाहत्तरीचे घोषणापत्र जून 2020 मध्ये असेच फिरत असताना भारतासह सहा देशांनी हरकत घेतली, ती ‘सामाईक भवितव्याच्या’ उल्लेखाला. त्या शब्दांना चिनी राजवटीच्या घोषणेचा वास येत होता. वाक्य बदलले, मग घोषणापत्र पुढे सरकले. एका वाक्यांशासाठी अडून बसायचे आणि पर्यायी शब्द सुचवून सर्वांना मोकळे करायचे, याला आपल्या सभांत कोणते बक्षीस आहे?

बक्षिसावरच सगळे अडते. ‘बेस्ट डेलिगेट’ एकच असतो आणि तो बहुधा सर्वाधिक बोललेला असतो. यावर आयोजक म्हणतील, मुलांची भीड चेपते, हे काय कमी आहे? कमी नाही. पण भीड चेपायला महाराष्ट्रात वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची जुनी परंपरा आहेच, त्यासाठी 193 देशांच्या पाट्या छापायची गरज नाही. दोन दिवसांत सहमती कशी व्हायची, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय म्हणजे विषय आखूड ठेवणे. ‘जागतिक दहशतवाद’ घेण्यापेक्षा तीन कलमांचा एक मसुदा घ्यावा. चुरस हवीच असेल तर गुण देताना पाहावे की विरोधी गटाने मान्य केलेली उपसूचना कोणाची होती आणि मताचे स्पष्टीकरण कोणी नेमके दिले. ज्या संस्थेला युद्धे थांबवता येत नाहीत, तिची रीत शिकून काय उपयोग, असेही विचारले जाते. पण हवामानापासून व्यापारापर्यंतचे करार याच रीतीने, कंसातले वादग्रस्त शब्द एकेक करून सोडवत लिहिले जातात.

हे सगळे इंग्रजीतच व्हावे असेही काही नाही. ठराव, उपसूचना, हरकतीचा मुद्दा, तहकुबी हे शब्द आपल्या विधिमंडळात रोजच्या वापरातले आहेत. सांगली-कोल्हापूरच्या एखाद्या महाविद्यालयाने कृष्णेच्या पाण्यावर मराठीतून अशी सभा भरवून पाहावी. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश अशा चारच पाट्या ठेवाव्यात आणि नियम एकच करावा: मतदान घ्यायचे नाही.