दोष पिल्लांचा की आपला?

सर्वप्रथम माफी मागते. पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये गेल्यामुळे माझं मराठी म्हणजे आजीच्या भाषेत 'मिसळ'. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि मुद्दा तेवढा घ्या.

मुद्दा असा. गेल्या महिन्यात लेडीज हॉस्टेलच्या बोर्डवर नोटीस लागली, 'अस्वच्छता होत असल्याने मांजराची पिल्ले आवाराबाहेर सोडण्यात येतील.' पिल्लं तीन. जन्म जिन्याखालच्या मोडक्या कॉटांमागे. वय जेमतेम पाच आठवडे. गुन्हा : एका सिव्हिलवालीच्या ड्रॉइंग शीटवर शी, तीही सबमिशनच्या आदल्या रात्री! बिचारीने पहाटे तीनपर्यंत जागून ती शीट पुन्हा काढली. तिचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. पण नंतर मीटिंगमध्ये 'मांजराची जातच घाणेरडी' असं जे ठरलं, ते मला अजिबात पटलेलं नाही.

खरं तर उलट आहे. पहिले तीनेक आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करताच येत नाही. आई चाटते तेव्हा होते आणि साफही तीच करते. त्यानंतर पिल्लू आपणहून भुसभुशीत जागा शोधतं, उकरतं, झाकायला बघतं. हे त्याच्या रक्तातच असतं. आपण फक्त जागा द्यायची. आता आपलं हॉस्टेल बघा. आत फरशी, बाहेर पेव्हर ब्लॉक. उकरणार काय, कपाळ?

मग आम्ही तिघींनी रेक्टर मॅडमकडे दोन आठवड्यांची मुदत मागितली. मेसमधला एक फुटका क्रेट घेतला, वर्कशॉपमध्ये त्याच्या कडा तीन इंचांवर कापल्या (पिल्लाला चढता आलं पाहिजे ना!), तळाला जाड प्लॅस्टिक अंथरलं आणि वॉचमनकाकांना विचारून नव्या बिल्डिंगच्या ढिगातली चाळलेली वाळू दोन इंच भरली. विकतचं लिटर आणलं नाही. त्यातलं पाण्याने गोळा होणारं लिटर इतक्या लहान पिल्लांना देऊच नये, ती ते खातात आणि पोटात गोळा होतो. आणि विकतचं लिटर आलंच मुळी १९४७ मध्ये. अमेरिकेत मिशिगनमध्ये एडवर्ड लोव नावाच्या माणसाने शेजारणीला राखेऐवजी मुलतानी मातीच्या जातीची शोषक माती दिली, तिथून तो धंदा सुरू झाला. त्याआधी लोकांची मांजरं राख, वाळू आणि मातीवरच भागवत होती.

पहिल्या दिवशी पिल्लं ट्रेमध्ये चक्क झोपली! मग नियम केला, खाल्ल्यावर आणि झोपेतून उठल्यावर लगेच उचलून वाळूत ठेवायचं. बाकी काही करायचं नाही. थोडी शी मुद्दाम वाळूत ठेवली, वासाने जागा कळावी म्हणून. पाचव्या दिवशी दोघं शिकली. तिसरं मात्र ट्रेपर्यंत जायचं आणि पळत सुटायचं. आम्ही त्याला ढब्बू म्हणून मोकळ्या झालो. नंतर लक्षात आलं, ट्रे वॉटर कूलरला लागून होता आणि मोटर सुरू झाली की ते दचकायचं. म्हणजे ढब्बू आम्हीच! दुसरा ट्रे शांत कोपऱ्यात ठेवला, दोन दिवसांत तेही लायनीवर आलं.

दुसरी चूक फिनाईलची. मावशी रोज त्या कोपऱ्यात काळं फिनाईल टाकायच्या. त्यातले फेनॉल मांजराच्या लिव्हरला नीट पचवता येत नाहीत, ते त्याला विष ठरू शकतं. आता तिथे साबण आणि गरम पाणी.

मधे एकदा कॉरिडॉरमध्ये शू झाली तेव्हा आमच्यातलीच एक पिल्लाचं नाक त्यात घासायला निघाली. 'आमच्या घरी असंच शिकवतात.' मी तिचा हात धरला. केजीत असताना मी एकदा वर्गात शू केली होती. 'मे आय गो' कसं म्हणायचं ते ऐनवेळी आठवलं नाही. सिस्टरने मला तास संपेपर्यंत सगळ्यांसमोर उभं केलं. त्यातून मी वेळेवर जायला शिकले नाही. शाळेत पाणी न प्यायला शिकले, ते चौथीपर्यंत. पिल्लूही तेच करतं. शिक्षा केली की ते लपून करायला लागतं, कॉटखाली, कपाटामागे. मग आपण पुन्हा म्हणतो, बघा, घाणेरडं.

आणि मैत्रिणींनो, खरं सांगा. आपल्या मजल्यावरचं टॉयलेट तुंबलं की आपण काय करतो? नाकाला रुमाल लावून वरच्या मजल्यावर जातो. आपण गेलो की स्वच्छतेची आवड, मांजराने घाण ट्रेकडे पाठ फिरवली की बेशिस्त!

मावशींची तक्रार खरी आहे, साफ करणार कोण? उत्तर : आम्ही. हौस आमची आणि झाडू त्यांच्या हातात, हे चालणार नाही. ट्रे रोज साफ झालाच पाहिजे. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा पसरू शकतो, पण तो लागण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून रोज, हातमोजे घालून. आणि गरोदर बाईने या कामाला हात लावू नये.

म्हणून रेक्टर मॅडमना विनंती. १९६० च्या प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. ते सोडा, पण बाहेर हायवे आहे हे आपल्याला माहीत आहे. जिन्याखालची जागा आम्हाला द्या. साफसफाईची पाळी आम्ही लावलीय, यादी बोर्डवर आहे, पहिलं नाव माझं. चार-पाच महिन्यांची झाली की तिघांची आणि आईची नसबंदी करून घेऊ, वर्गणी सुरू आहे. नाहीतर पुढच्या वर्षी तीनाची तेरा होतील.

मुदतीच्या शेवटच्या पाच दिवसांत बाहेर एकदाही घाण झालेली नाही. ज्या सिव्हिलवालीची शीट गेली, तिचं नाव यादीत दुसरं आहे. नोटीस मात्र अजून बोर्डवर तशीच आहे, यादीच्या अगदी शेजारी.